दत्तू, पोरीच्या पिशवीत तसलं काही नव्हतं

दत्तू, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. प्रवरेच्या घाटावर पिंड ठेवून आम्ही मागं सरलो, दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील, तेवढ्यात समोरच्या बाभळीवरून एक कावळा उतरला आणि सरळ भातावर बसला. दुसऱ्यांच्या वेळी तास तास थांबावं लागतं. हात जोडून कबूल करावं लागतं, की बाबा, तुझ्या म्हशी विकणार नाही, तुझ्या पोरीचं लग्न थाटात करू. तुझ्या वेळी कुणाला काही कबूल करावं लागलं नाही. लोकांना बरं वाटलं. "दत्तूभाऊचा जीव कशातच अडकला नव्हता," असं एकजण म्हणाला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

कावळ्याला काय माहीत. तुझा जीव कशात अडकला होता, ते त्या घाटावर मला एकट्याला माहीत होतं. अडकवला होता तोही मीच.

घरी आल्यापासून मला एका जागी बसवत नाही. दुकानाचं शटर वर केलं. गिऱ्हाईक आलं तर ते काय मागतंय हे डोक्यात शिरेना, म्हणून पुन्हा खाली ओढलं. रस्त्यापर्यंत गेलो, मनमाडकडं जाणारे ट्रक बघत उभा राहिलो, परत आलो. शेवटी कागद घेऊन बसलो. तू कधी जन्मलास, किती शिकलास, दूध सोसायटीवर किती वर्षं होतास, हे मी लिहिणार नाही. ते सगळं घाटावर माईकवरून सांगून झालं. तू गेलास कसा तेही लिहिणार नाही. मी लिहितोय ते तुझ्या पोरीबद्दल. स्नेहल जर्मनीत शिकायला गेली. तिथं ती काय विकत घ्यायची, सुट्टीच्या दिवशी कुठं जाऊन बसायची, एवढ्याशा गोष्टीवरून तुम्हा बापलेकीत मी काय केलं, त्याबद्दल.

कोल्हारमध्ये चाळीस वर्षं किराणा विकला मी. माणूस काय घेतो यावरून त्याच्या घरात काय चाललंय हे मला कळतं, असा माझा लौकिक होता, आणि मला त्याचा माज होता हे आता म्हणायला हरकत नाही. डिंक, खारीक, खोबरं एकदम मागितलं की घरात बाळंतीण आहे. नेहमीचा गूळ बंद झाला की कुणाला तरी साखर निघालीय. एरवी सुटा चहा नेणारी बाई चांगल्या चहाचा पुडा आणि बिस्किटं मागते, तेव्हा उद्या पोरगी बघायला पाहुणे येणार. तू उंबऱ्यावर बसून हसायचास. "दादा, तू दुकान कशाला टाकलं? पंचांग घेऊन बसायचं हुतं." मीही हसायचो. पण मनात म्हणायचो, खरं आहे.

मी किती वेळा चुकलो ते मात्र कधी मोजलं नाही. गिऱ्हाईक काही परत येऊन सांगत नाही, की तुमचा अंदाज चुकला म्हणून.

स्नेहल गेली तेव्हा तिचं बरं चाललं होतं. राहुरीला शेतीचं शिकलेली पोर, पुढं पाणी आणि माती यांचं शिकायला ड्रेस्डेनला गेली. शनिवारी तिच्या स्टेटसवर फोटो यायचे. दुकानात भाजीच्या ढिगापुढं उभी आहे. हातात दोन पिशव्या आहेत. रविवारी नदीकाठी गवतात बसलीय. कधी जुन्या सामानाच्या बाजारात फिरतेय, तिथं म्हणे लोक घरातल्या कपबश्या, कोट, सायकली आणून जमिनीवर मांडतात. गावात सगळ्यांनी हे फोटो बघितले. मला ते सुरुवातीपासून आवडत नव्हते, आणि आपला वाद तिथूनच सुरू झाला. तुला आठवत असेल. तू दूध घालून आला होतास, हातात रिकामी कॅन होती.

मी म्हणालो, "दत्तू, पोरगी शिकती कधी? जवा बघावं तवा बाजारात नायतर नदीवर."

"मंग काय चोवीस तास पुस्तकात तोंड घालून बसायचं का? तू न्हाई व्हय दुपारचं शटर खाली घेऊन पत्ते खेळत?"

"मी काय परदेशी शिकायला न्हाई गेलो."

"तुला कोनी घेतलं नसतं," तू म्हणालास, आणि कॅन उचलून चालू लागलास.

तो वाद मी हरलो होतो, आणि मला हरायची सवय नव्हती. आई-वडलांच्या मागं या घरात शेवटचा शब्द माझा. तूच तो मला दिला होतास. बैल घ्यायचे तर मला विचारून, बोअर घ्यायचं तर मला विचारून. तुझ्या लग्नाच्या वेळी शोभाच्या घरच्यांना होकारसुद्धा मी कळवला. तू फक्त एकदाच मला न विचारता काही केलंस. स्नेहलला तिकडं पाठवायचं तू आधी ठरवलंस आणि मग मला सांगितलंस. ते मला लागलं होतं. हे मी तुला कधी बोललो नाही. आज लिहितोय, कारण पुढं जे झालं ते कळायला हेही माहीत असावं लागतं.

मग दिवाळी आली. पाडव्याच्या दिवशी तिनं एक फोटो टाकला. तिनं होस्टेल सोडलं होतं आणि नवीन खोली घेतली होती. त्या खोलीतलं टेबल. मी चष्मा पुसून तो फोटो बघितला आणि सवयीनं यादी करत गेलो. दोन कप. दोन ताटल्या. नवा कुकर. घडी घातलेली मोठी चादर, दोघांची. खुर्चीच्या पाठीला अडकवलेला तपकिरी कोट, बटणं उजव्या बाजूला, म्हणजे पुरुषाचा. खाली मोठे बूट, तेही पुरुषाचे. कोपऱ्यात एका पिशवीत काळ्या-तपकिरी बाटल्या.

आपल्याकडं शिकणारं पोर मेसमध्ये जेवतं. बाजाराला जातो तो घरचा कर्ता. ज्याला संसार चालवायचाय तोच कुकर घेतो आणि ताटल्या जोडीनं घेतो. चाळीस वर्षांत मला याच्या उलट दिसलं नव्हतं. मी तुला बोलावणं धाडलं.

तू आलास तेव्हा दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांना जाऊ द्यायचं मला सुचलं नाही. खरं लिहायचं तर, सुचलं होतं. ती असली तर बरं, असंही वाटलं. मी फोन तुझ्यापुढं धरला आणि बोट ठेवून एक एक वस्तू दाखवली, जशी मी गिऱ्हाइकाला यादी वाचून दाखवतो तशी.

"दत्तू, पोरीनं तिकडं संसार मांडलाय."

तू फोटो बघितलास. मग तिथंच उभ्यानं तिला फोन लावलास. मला आवाज ऐकू येत होता.

"तिथं कोन राहतंय तुझ्यासंगं?"

"मी आणि लिन. सांगितलं होतं ना पप्पा."

"कोन लिन?"

"मैत्रीण आहे. व्हिएतनामची."

तू माझ्याकडं बघितलंस. दत्तू, मी तेव्हा मान हलवली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नाही, पटत नाही, अशी मी मान हलवली. मैत्रीण म्हणायला काय जातंय, नावावरून बाई का बाप्या काय कळतंय, असंही हळूच म्हणालो. आणि तू, ज्यानं पोरीवर कधी आवाज चढवला नाही, तू विचारलंस, "मंग त्यो कोट कोनाचा?"

 मग ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मला हे विचारताय?" आणि फोन बंद झाला.

तिनं आठ दिवस फोन केला नाही. नवव्या दिवशी केला तेव्हा तू घेतला नाहीस. ती शोभाशी बोलायची, तू उठून गोठ्यात जायचास. दोघंही एकाच मातीची. पाच महिने तसेच गेले. दुकानात ऐकलेली गोष्ट त्या दोन गिऱ्हाइकांनी गावभर नेली ती वेगळीच. तुला कुणी तोंडावर विचारलं नाही, पण डेअरीवर तू पोचलास की बोलणं थांबायचं, हे तूच मला एकदा सांगितलंस. कुणामुळं, ते तू बोलला नाहीस.

आता सर्वांत वाईट भाग.

माघात स्नेहलनं मला फोन केला. मला, तुला नव्हे. ती भांडायला लागेल असं मला वाटलं होतं, पण ती शांत होती.

"काका, तुम्ही सगळे फोटो बघता म्हणून सांगते. नीट ऐकून घ्या, मध्ये बोलू नका."

मी बोललो नाही. तिनं सांगितलं ते असं. तिथं रविवारी सगळी दुकानं बंद असतात, अगदी किराण्याचंसुद्धा. म्हणून शनिवारी सगळं भरून ठेवावं लागतं, म्हणून शनिवारी हातात पिशव्या. रविवारी खोलीत बसलं तर भिंती अंगावर येतात. हिवाळ्यात दुपारी चारला अंधार पडतो, पाच-पाच दिवस ऊन दिसत नाही. जरा कुठं उजेड दिसला की सगळं गाव नदीवर जातं. म्हातारे जातात, कुत्री जातात, तीही जाते. मेस नसते, स्वयंपाक स्वतः करावा लागतो. कपताटल्या जुन्या बाजारात जोडीनंच मिळतात, एक मागितली तर विकणारी आजी हसते. चादर मोठी होती कारण त्या बाजारात त्या दिवशी तेवढी एकच बरी होती. कोट आणि बूट पुरुषाचे, कारण बायकांचे तिच्या मापाचे मिळाले नाहीत, आणि बर्फात कोण बटणं बघतंय. बाटल्या खालच्या मजल्यावरच्या पोरांच्या. दुकानात एक मशीन असतं, त्यात रिकाम्या बाटल्या सरकवल्या की चिठ्ठी येते, तिच्यावर पाव मिळतो. पोरं आळशी, म्हणून त्या बाटल्या स्नेहल घेऊन जाते.

मग तिनं फोन वळवून लिनला दाखवलं. चष्मा लावलेली, बारकी, कांदा कापत बसलेली पोर. तिनं मला हात जोडून नमस्कार केला. स्नेहलनं शिकवला असणार.

"काका, पप्पा माझं ऐकणार नाहीत आता, आईचंही नाही. तुमचं ऐकतात. तुम्ही सांगाल ना?"

"सांगतो," मी म्हणालो.

दत्तू, मी सांगितलं नाही.

पहिल्यांदा कांदा काढणीला आला होता, म्हटलं हे उरकू दे. मग पाव्हण्याचं लग्न आलं. नेवाशाहून त्या लग्नातून आपण परत येत होतो, तू मोटारसायकल चालवत होतास आणि मी मागं बसलो होतो. तुझं तोंड मला दिसत नव्हतं, माझं तुला. याच्यापेक्षा सोपी जागा मला मिळाली नसती. मी म्हणालो, "दत्तू."

"काय?"

"पुढं खड्डा हाय."

"दिसतोय की," तू म्हणालास.

दादा चुकला, हे दादाच्या तोंडून निघेना. एवढंच कारण आहे, आणि ते कारण सांगताना मला आज स्वतःची किळस येते. तुला कळलं असतं तर तू काय केलं असतंस? काहीही बोलला नसतास. "व्हय का," म्हणाला असतास, कॅन खाली ठेवली असतीस आणि तिला फोन लावला असतास. पाच मिनिटांचं काम होतं. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी महिनाभर दिवसातून चार वेळा शेतातून येऊन माझ्या डोळ्यात थेंब घालणारा माणूस तू. तुला माझ्या चुकीचं काय वाटणार होतं? पण मी उद्या, परवा करत राहिलो, आणि चैत्र लागता लागता तू निघून गेलास.

स्नेहल तिसऱ्या दिवशी पोचली, तोवर सावडणं झालं होतं. ती आली, शोभाला धरून बसली, रडली नाही. संध्याकाळी ती पायरीवर माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच विचारलं, "काका, तुम्ही पप्पांना सांगितलं होतं ना?"

मागं शोभा उभी होती. अंगणात भाऊबंद बसले होते. मी म्हणालो, "सांगितलं हुतं."

तिनं मान हलवली. "म्हणजे त्यांना सगळं माहीत होतं. तरी नाही बोलले."

ती उठून आत गेली. मी काय करून बसलो हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आधी मी तुला पोरीबद्दल खोटं सांगितलं, आता पोरीला तुझ्याबद्दल सांगितलं. तुझ्याकडून तिला उरलं ते एवढंच, की बापाला खरं कळलं होतं आणि तरी त्याचं मन वळलं नाही. हे घेऊन ती विमानात बसणार होती. तेवढ्या दिवसांत ती शोभाला दोनदा म्हणाली, की शिक्षण झालं की तुला तिकडं घेऊन जाईन, या गावात मला पुन्हा यायचं नाही. मी ते ऐकत तुमच्याच घरचं जेवत होतो. माझी बायको गेल्यापासून शोभाच मला दोन वेळा वाढते. 

वरचं सगळं मी दहाव्याच्या दिवशी लिहिलं. पुढचं नंतरचं आहे.

ती निघायच्या दोन दिवस आधी मी तिला दुकानात बोलावलं. दुपारची वेळ, शटर अर्धं खाली. ती तुझ्याच जागी, उंबऱ्यावर बसली. मी गल्ल्यामागं बसणार होतो, पण ते बरं दिसेना, म्हणून समोर साखरेच्या पोत्यावर बसलो.

"स्नेहल, मी तुला खोटं बोललो. दत्तूला मी काईच सांगितलं न्हाई."

 "काहीच नाही? लिनचं? कोटाचं?"

"काईच न्हाई."

"म्हणजे पप्पा गेले तेव्हा त्यांना वाटत होतं, की..."

"व्हय."

"का नाही सांगितलं?"

मी म्हणालो, "लाज वाटली." यापेक्षा मोठं कारण माझ्याकडं नव्हतं.

ती उठली. मला वाटलं जाते. पण ती दुकानात आत-बाहेर करत राहिली, एका बरणीचं झाकण उघडलं, लावलं. मग वळून म्हणाली, "मला तुमचा राग आधीपासून होता, काका. सांगू का? मी फोटो टाकला की त्याच दिवशी तुमचं नाव यायचं खाली. रोज. कुणाचं नसलं तरी तुमचं. मी लिनला म्हणायचे, बघ, आमचे पहारेकरी आले. बापानं बघायचं सोडलं आणि हे मात्र पिशवीत काय काय आहे ते मोजत बसलेत."

इथं मी तुला दिलेला शब्द मोडला, दत्तू. आपल्या दोघांतली ही एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती, कारण तू शपथ घातली होतीस. मी तिला सांगून टाकली.

मी म्हणालो, "ते नाव माझं हुतं. बघनारा मी नव्हतो."

त्या पाच महिन्यांत एक दिवस चुकला नाहीस तू. संध्याकाळी डेअरीत दूध घालायचास, दुकानात यायचास, कॅन खाली ठेवायचास. "दादा, काढ तुझा फोन." पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, तुझा कुठंय? तू म्हणालास, "माझ्यावर बघितलं की तिकडं माझं नाव उमटतं. तिला कळतं." मग उभ्या उभ्याच बघायचास, पुन्हा पुन्हा, अंगठ्यानं धरून ठेवून. तू पिशव्यांकडं कधी बघितलं नाहीस. एकदा म्हणालास, "वाळलीय." एकदा ती नदीकाठी बसली होती, तेव्हा म्हणालास, "बूट काढून बसलीय बघ. म्हंजी वळखीची जागा झाली तिला." आणि तो बर्फाचा फोटो. तू त्याच्यावर बोट ठेवलंस. "दादा, हिच्या हातात काई न्हाई. उघडे हात हायेत." आठवडाभर तुला चैन नव्हतं. मी म्हणालो, फोन करून सांग की मग, हातमोजे घे म्हणून. तू नुसता कॅनचं झाकण फिरवत राहिलास. पुढच्या शनिवारी ती बाजारातला फोटो टाकेपर्यंत तू दोनदा येऊन गेलास. तिसऱ्यांदा आलास तेव्हा फोटो होता. "घेतले," तू म्हणालास. "लाल घेतले." आणि कॅन विसरून घरी गेलास.

हे सगळं मी तिला सांगितलं. तुझ्याच शब्दांत सांगितलं, काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

ती पुन्हा उंबऱ्यावर बसली होती. तिनं फोनमध्ये तो फोटो शोधून काढला. बाजाराची गर्दी, हिचा अर्धा चेहरा, आणि कोपऱ्यात, शोधल्याशिवाय दिसणार नाहीत एवढे, लाल हातमोजे.

"हे दिसले त्यांना?"

"व्हय."

"हे तर मलाही नव्हते दिसले," ती म्हणाली, आणि मग ती रडली. आल्यापासून पहिल्यांदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला उठलो आणि मध्येच थांबलो. तो हक्क आता माझा नाही असं वाटलं.

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "काका, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं. एवढं एक सांगितलं असतं तरी..." 

मी म्हणालो, "मी सगळं लिहून काढतोय. छापायला देनार. मी दुकानात जे बोललो ते गावभर गेलंय. एकेकाला बोलावून कुठं सांगू?"

"द्या. पण माझी बाजू घेऊ नका. मी किती शहाणी आहे वगैरे नको. काय झालं तेवढंच लिहा."

"बरं."

"आणि एक. मी तुम्हाला माफ वगैरे केलेलं नाही. आज तर नाहीच. मी तुम्हाला माझ्या स्टेटसमधून काढून टाकणार आहे."

"काढ," मी म्हणालो.

एक गोष्ट माझ्या ओठांवर आली होती. काढू नकोस पोरी, दत्तू याच फोनवरून तुला बघायचा. पण ते बोलणं म्हणजे पुन्हा तुझ्या आड लपणं झालं असतं. मी गप्प बसलो. आयुष्यात थोड्या वेळा मी योग्य जागी गप्प बसलोय, त्यातली ही एक.

ती गेली. जाताना माझ्या पाया पडली, कारण शोभा बघत होती. बोलली नाही. गाडी निघाली तेव्हा तुझ्या गोठ्याकडं बघत होती.

दत्तू, गावकऱ्यांनी हे वाचावं म्हणून मी साफ लिहितो. स्नेहलनं तिकडं काही लपवलेलं नव्हतं. ती शनिवारी बाजार करत होती आणि रविवारी नदीवर बसत होती. घरापासून लांब राहणाऱ्या पोरीनं आठवड्यात दोन दिवस स्वतःसाठी काढले, त्यात कुणाचं काही गेलं नाही. जे गेलं ते माझ्या तोंडामुळं गेलं. ज्या दोन गिऱ्हाइकांनी त्या दिवशी ऐकलं, त्यांचा काही दोष नाही. मी त्यांना ऐकवलं.

आणि तुला काय सांगू? आपला तो वाद, शिकायला गेलेल्या पोरीनं फिरावं की नाही, तो तू तेव्हाच जिंकला होतास. मी तो मान्य केला नाही म्हणून दुसऱ्या वाटेनं जिंकायला गेलो. तू मला भाऊ म्हणून जे जे दिलंस त्यातलं काहीच मी तुला परत दिलं नाही, एक फोन तेवढा हातात दिला, तोही चुकीच्या कामासाठी घेतलेला. पण त्या फोनवर तू रोज तुझी पोर बघितलीस. एवढ्यासाठी मी त्याचा आभारी आहे. माझा नाही, फोनचा.

शनिवारी संध्याकाळी मी दुकानात होतो. डेअरीचा भोंगा झाला. हात आपोआप खिशात गेला. फोन उघडला, बघितलं. सगळ्यांची स्टेटस होती, तिचं नव्हतं. तिनं बोलल्याप्रमाणं केलं होतं. मला तिथलं आता काही दिसणार नाही, आणि मला दिसणार नाही म्हणजे... हे वाक्य मी दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

सात वाजता शोभानं जेवायला हाक मारली. ताट वाढून ती समोर बसली, हातात स्वतःचा फोन.

"भाऊजी, पोरगी नदीवर गेलती आज. थर्मासात च्या घेऊन. ती लिन पन हाय संगं."

"बरं."

"बाजार पन केलाय म्हनं आठवड्याचा. बघायचा का फोटू?"

तिनं फोन माझ्याकडं सरकवला. स्क्रीनचा उजेड ताटात पडला. मी तो हातानं पालथा केला आणि तिच्याकडं परत सरकवला.

"नको," मी म्हणालो. "तू सांग."

ती सांगत राहिली, आणि मी मध्ये बोललो नाही.